पळणारे आणि झाडणारे

डिसेंबर आला की वसई-विरारला पळायचं वारं लागतं. २०११ पासून महापालिका मॅरेथॉन भरवते. पूर्ण म्हंजे ४२.१९५ किलोमीटर, अर्धी त्याच्या निम्मी, शिवाय पोरासोरांच्या न् म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या लहान धावा. नाव पडलं महापौर मॅरेथॉन. २०२० च्या जूनमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढं पाचाहून जास्त वर्षं गावाला महापौरच नव्हता, प्रशासकाचं राज्य होतं. तरी शर्यत झाली. म्हंजे महापौरावाचून शर्यत होते, नगरसेवकावाचून होते. झाडूवालीवाचून होत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझं सगळं भांडण एवढ्यावरच आहे.

‘वातावरण काय असतं म्हणून सांगू!’ असं जो तो म्हणतो. ते खोटं नाही. मी स्वतः रस्त्याच्या कडेला उभा राहून टाळ्या पिटल्यात. पहाटेच्या गारठ्यात बाया पाण्याचे पेले घेऊन उभ्या असतात, कुणी केळी देतं, कुणी संत्र्याच्या फोडी. वाडवळ, कुपारी, आगरी, कोळी, सगळे एका कडेला. विरार लोकलच्या दारात रोज एकमेकाच्या बरगड्यांत कोपरं खुपसणारा माणूस त्या दिवशी ओळख ना पाळख अशा गड्याला ‘चल, चल, थोडंच राहिलं’ म्हणून ओरडतो. ही साधी गोष्ट नाही. माणसाच्या पोटात माणूस शिल्लक आहे हे एक दिवस तरी दिसतं.

मग तुझं पोट का दुखतं, असं विचाराल. सांगतो.

आमच्या वस्तीत एक मावशी आहे. ठेकेदाराकडं झाडू मारते. शर्यतीच्या आदल्या रात्री दोनला उठली. उजाडायच्या आत रस्ता लख्ख पाहिजे, पळणाऱ्याच्या पायाखाली खडा नको. शेवटचा गडी पुढं गेला की पेले, साली, बाटल्या उचलायला पुन्हा तीच. मी विचारलं, ‘मावशे, शर्यत बघितली का?’ म्हणाली, ‘बघितली की. नुस्ते पाय बघितले. मान वर केली तर कचरा राहतो ना बाबा.’

पुण्याच्या पेशवाईत आमच्या कमरेला झाडू बांधला होता. आमच्या पावलांची खूण आमची आम्हीच पुसत जायची. आता तुमच्या पावलांची पुसतो. झाडू कमरेवरून हातात आला, एवढीच दोनशे वर्षांची प्रगती म्हणायची का?

आणि पळण्याचं कौतुक आम्हाला सांगू नका. ग्रीस देशातला कोण तो निरोप्या, लढाई जिंकल्याचा सांगावा घेऊन पळाला आणि सांगून मेला, अशी दंतकथा. त्याच्या नावानं जगभर शर्यती. इथं गावोगावचा महार पिढ्यान्‌पिढ्या सांगावे घेऊन पळला. मयताचा सांगावा, सरकारी टपाल, साहेबाच्या घोड्यापुढची धाव. रात्र नाही, पाऊस नाही. त्याला पदक काय होतं? शिळ्या भाकरीचा तुकडा, त्यालाच वतन म्हणायचं. ह्या वतनाच्या बेडीवर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणून घाव घातला. कायद्यानं ती तुटायला १९५८ साल उजाडलं. तीस वर्षं! ही खरी लांब पल्ल्याची शर्यत. तिला टाळ्या वाजवायला रस्त्याकडेला कोण उभं होतं?

आता ह्याच गावातलं ऐका. मे २०१९, नालासोपारा पूर्व: सोसायटीची मैल्याची टाकी साफ करताना तीन मजूर मेले. ९ एप्रिल २०२४, विरार पश्चिम: एका मोठ्या वसाहतीच्या सांडपाणी केंद्रात चार मेले. सात माणसं. पळणाऱ्याच्या अंगावर चिप असते, सेकंदासेकंदाचा हिशेब. वाटेत डॉक्टर, ॲम्ब्युलन्स, पायात गोळा आला तर चोळायला माणूस. टाकीत उतरणाऱ्याला बहुतेक वेळा साधा दोरसुद्धा नाही. २०१३ चा कायदा आहे की साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवायचा नाही. २०२३ साली सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याची भरपाई ३० लाख केली. मेल्यावरचा दर ठरला. जिवंतपणीचा कधी ठरणार?

‘प्रत्येक गोष्टीत जात आणता,’ हे आता येईलच. पळायला जात विचारत नाहीत, कबूल. सावरपाड्याची आदिवासी पोरगी कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुलात आणि ग्वांगझूच्या आशियाईत पदक घेऊन आली, आमची छाती फुगली. पण झाडू कुणाच्या हातात आणि टाकीत कोण, ते एकदा बघा. नगरसेवकाचा पोरगा टाकीत उतरलेला कधी ऐकलाय?

ह्या गावाला हे कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. सोपाऱ्याच्या स्तूपाला लोक बुरुड राजाचा कोट म्हणतात. टोपल्या विणणाऱ्याच्या नावाचा कोट! १८८२ साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात काय? आधीचे राजे शिकारीला, मौजेला फिरत. मी धम्मयात्रेला निघतो, लोकांना भेटतो. नवव्याचा तुकडा भुईगावला मिळाला, १९५६ साली, ज्या साली बाबासाहेबांनी नागपुरात धम्म दिला त्याच साली. त्यात अशोक म्हणतो, लोक लग्नाला, जन्माला, प्रवासाला नाना समारंभ करतात, त्यातून फार काही निघत नाही. खरा मंगल समारंभ म्हणजे दास आणि चाकरांशी नीट वागणं. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ह्याच मातीत दगडावर कोरून ठेवलंय. आणि महापालिकेला अजून मोठ्यानं वाचून दाखवावं लागतं!

म्हणून शर्यत बंद करा असं मी म्हणत नाही. पळा. पोरं पळू देत. पण शिट्टी वाजायच्या आधी त्या सात जणांची नावं माईकवरनं घ्या, पाहुण्यांची यादी वाचता तशी. टाकीत यंत्र उतरवा, माणूस नको. त्या रात्री झाडणाऱ्याला दुप्पट मजुरी, आणि वर्षभर झाडणाऱ्याला ठेकेदाराच्या तावडीतून सोडवून कायम नोकरी. टाळ्या नकोत, त्या पळणाऱ्यांनाच ठेवा.

मावशीला त्या पहाटे मान वर करून पळणाऱ्याचं तोंड बघता आलं, की मग मीही म्हणेन, वातावरण होतं.