शब्द शोधून देणारा फोन

एल, आय, एस, टी, ई, एन ही सहा इंग्रजी अक्षरे घ्या. त्यांतून 'लिसन' होतो, 'सायलेंट' होतो, 'एन्लिस्ट', 'इन्लेट्स' आणि 'टिन्सेल'ही होतात. देवनागरीत लिहिले की या पाचांचे नाते दिसतही नाही, इतके इंग्रजीतले स्पेलिंग उच्चारापासून फटकून वागते. ते नाते हुडकण्याची मौज आता फोनने वाटून घेतली आहे. अक्षरे टाकायची, शब्द हजर. अशा साधनांनी अक्षरांचे खेळ बुडवले, असे काही म्हणतात. कोश उघडणे चालते तर हे का नाही, असे इतरांचे म्हणणे. दोन्हींत तथ्य आहे, पण सारखे नाही.

आधी यंत्राची बाजू. त्याची युक्ती साधी आहे. प्रत्येक शब्दातली अक्षरे वर्णक्रमाने लावून ठेवायची, म्हणजे वरचे पाचही शब्द ई-आय-एल-एन-एस-टी या एकाच खणात जाऊन पडतात. विचारणाऱ्याची अक्षरे तशीच लावली की तो खण उघडतो. गंमत अशी की स्क्रॅबलचे स्पर्धक खेळाडूही पाठांतर असेच करतात. वर्णक्रमाने लावलेल्या अक्षरांना ते 'अल्फाग्राम' म्हणतात आणि त्यावरून शब्द आठवायचा सराव करतात. तेव्हा माणूस प्रतिभेने खेळतो आणि यंत्र लबाडीने, ही वाटणी टिकत नाही. रीत दोघांची एकच.

'पण माणसाला शब्द कळतो' असे उत्तर यावर मिळेल. तेही पूर्ण खरे नाही. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या नायजेल रिचर्ड्सने 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद जिंकले, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. काही आठवड्यांत त्याने शब्दयादी डोक्यात भरली होती. 2024 मध्ये त्याने स्पॅनिशमध्येही तेच केले. याला भाषाज्ञान म्हणता येणार नाही, पण कौशल्य नाही असे म्हणायची हिंमत कोण करील? इंग्रजी खेळणारेही 'क्यू-आय' हा दोन अक्षरी शब्द चिनी तत्त्वज्ञानातल्या प्राणशक्तीसाठी पाठ करत नाहीत. दहा गुणांची 'क्यू'ची टाइल 'यू'वाचून खपते, म्हणून करतात.

मग साधनावर आक्षेप कसला? माझ्या मते तो समोरच्या माणसामुळे येतो. अमेरिकी स्पर्धांच्या नियमात तुम्ही लावलेल्या शब्दाला प्रतिस्पर्धी आव्हान देऊ शकतो, आणि शब्द खरा निघाला तर त्याचीच पाळी जाते. त्यामुळे धडधडीत खोटा शब्द शांत चेहऱ्याने लावून देणे हा तिथे मान्य डाव आहे. शंका, धिटाई, समोरच्याचा चेहरा वाचणे, हे सगळे पटावर असते. एकाने टेबलाखाली फोन पाहिला की ते सगळे संपते, आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. इथे मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने आहे, हातचे न राखता.

एकट्याने खेळायच्या कोड्यांचे गणित वेगळे. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या 'स्पेलिंग बी'त सात अक्षरे मिळतात. मधले अक्षर प्रत्येक शब्दात यावेच लागते आणि शब्द किमान चार अक्षरांचा हवा. त्या सातांत 'एस' सहसा नसतो, कारण तो आला की प्रत्येक नामाचे अनेकवचन फुकटात मिळते. (स्क्रॅबल घडवणारे आल्फ्रेड बट्स याच पेचात होते. वर्तमानपत्रातली अक्षरे मोजून त्यांनी टाइल्सचे प्रमाण ठरवले, तरी शंभरांत 'एस' चारच ठेवले.) अडलेल्यांसाठी तेच वृत्तपत्र सूचनाही देते. कोणत्या अक्षराने सुरू होणारे, किती लांबीचे, किती शब्द आहेत, अशी माहिती त्यात असते. शब्द सांगितलेला नसतो. शोध चालू राहतो आणि डोके आपटायची वेळही येत नाही. शब्द शोधून देणाऱ्या साधनांनी ही पायरीच गाळली, हा त्यांचा खरा दोष. त्यांच्याकडे एक तर काहीच नाही, नाही तर सगळेच.

आपल्याकडे स्क्रॅबल घरात येतो तो बऱ्याचदा 'मुलांचे इंग्रजी सुधारेल' म्हणून. ही आशा जरा बेतानेच बाळगावी. रिचर्ड्सने दाखवले ते उलट टोकानेही खरे आहे: अक्षरे जुळवता आली म्हणून वाक्य बोलता येत नाही. मूल डाव संपल्यावर साधन उघडून आपल्याला काय सुचले नाही ते पाहत असेल आणि त्यातल्या दोन शब्दांचे अर्थ कोशात शोधत असेल, तर त्याला अडवू नये. डाव चालू असताना मात्र फोन दुसऱ्या खोलीत.

एक अडचण उरतेच. मराठी माध्यमात शिकलेली आजी आणि इंग्रजी माध्यमातला नातू समोरासमोर बसतात, तेव्हा 'कोणालाच मदत नाही' हा नियम दिसायला समान असतो, पण डाव सुरू होण्याआधीच तो नातवाच्या बाजूला झुकलेला असतो. क्लबांमध्ये नवख्याला दोन अक्षरी शब्दांची यादी हाताशी ठेवू देतात. घरीही तसेच करावे. यादी टेबलावर, दोघांना दिसेल अशी असावी. आजीने तिच्यात हवे तितक्या वेळा पाहावे आणि नातवाने कुरकुर करू नये.