खाजगी विहीर आणि सार्वजनिक तळे

नवे शैक्षणिक वर्ष जवळ आले की आमच्या वस्त्यांतून दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. मुलास कोणत्या महाविद्यालयात घालावे, ही पहिली. आणि त्यास लॅपटॉप घेऊन द्यावा किंवा कसे, ही दुसरी. पहिल्या गोष्टीवर बाप बोलतो, दुसरीवर तो गप्प बसतो. सोयाबीनच्या चार पोत्यांतून, हळद काढण्याच्या मजुरीतून किंवा ऊसतोडीच्या उचलीतून जो पैसा हाती येतो, त्यातून तीस-चाळीस हजारांचे यंत्र घेणे म्हणजे काय, हे हिंगोली जिल्ह्यातील मजूर कुटुंबास कोणी समजावून सांगावयास नको.

या घरगुती अडचणीस आता एक सार्वजनिक बाजू प्राप्त झाली आहे. "मुलांजवळ लॅपटॉप आले, साऱ्या जगाचे ज्ञान त्यांच्या मांडीवर येऊन बसले, मग ग्रंथालयावर पैसा कशास घालवावा?" असा युक्तिवाद शिक्षणक्षेत्रातील मंडळींच्या तोंडून ऐकू येऊ लागला आहे. खेदाची गोष्ट ही की आपल्यातील नोकरदार वर्गही त्यास मान डोलावू लागला आहे. या युक्तिवादाच्या आडोशाने पुस्तकांची खरेदी रोडावते, ग्रंथपालाची जागा रिकामी पडली की रिकामीच राहते, आणि कपाटांच्या किल्ल्या एखाद्या लिपिकाच्या खिशात जातात. हा युक्तिवाद आम्हांस खोटा वाटतो. आणि आमच्या समाजापुरते बोलावयाचे तर तो घातकही आहे.

"मुलांजवळ" म्हणजे कोणाच्या मुलांजवळ? २०१७-१८ साली राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५ वी फेरी झाली. तीत ग्रामीण भारतातील शंभर कुटुंबांपैकी सुमारे चार, आणि शहरांतील सुमारे तेवीस कुटुंबांजवळ संगणक आढळला. त्यानंतर काही भर पडली असेल, हे आम्ही मान्य करतो. पण ती भर सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातील बौद्धवाड्यात कितीशी पोहोचली, हे वाचकांनी आपल्या गल्लीत मोजून पाहावे. ज्या विद्यार्थ्यास वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्याच्यासाठी शासनाची स्वाधार योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या योजनेच्या मूळ दरानुसार जिल्ह्याच्या ठिकाणी भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षास ४३,००० रुपये ठरले, आणि शैक्षणिक साहित्यासाठी सामान्य शाखांच्या विद्यार्थ्यास २,००० रुपये. दोन हजारांत लॅपटॉपची पिशवी येईल. लॅपटॉप घ्यावयाचा तर त्याने वर्षभर जेवू नये, असाच या हिशेबाचा अर्थ होतो.

कोणी म्हणेल, मोबाइल तर प्रत्येकाच्या हातात आहे. आहे खरा, पण तळहाताएवढ्या पडद्यावर प्रकल्प लिहिता येत नाही, दोन ग्रंथ शेजारी ठेवून ताडून पाहता येत नाहीत, आणि महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कागदपत्र चढेना म्हणजे पोर शेवटी दुकानदाराकडे जाऊन पैसे मोजते. मोबाइल ही निरोपाची सोय झाली. तिला अभ्यासाचे साधन म्हणणे ही स्वतःची फसवणूक होय.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. उलट त्याचे सामर्थ्य आम्ही आमच्या व्यवसायात रोज पाहतो. १ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता अमलात आली. ज्या विद्यार्थ्याजवळ लॅपटॉप होता, त्याने नवा कायदा शासनाच्या संकेतस्थळावरून एक पैसाही न देता त्याच दिवशी वाचला. ज्याच्याजवळ नव्हता, त्यास ग्रंथालयातील जुन्या प्रतीचाच आधार. आणि नवी खरेदी न झालेल्या कपाटात गेलेला कायदाच जिवंत म्हणून उभा राहतो! सर्वोच्च न्यायालयाचे निर्णयही जानेवारी २०२३ पासून विनामूल्य वाचावयास मिळू लागले. आमच्या विद्यार्थिदशेत निवाड्यांचे जाडजूड खंड कुलपाआड असत आणि ते पाहावयास मिळणे ही मेहेरबानी समजली जाई. ते कुलूप आज निघाले आहे. पण ज्याच्या हाती यंत्र आहे त्याच्यापुरतेच ते निघाले आहे, हा आमचा मुद्दा.

येथे आम्हांस महाडची आठवण होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले झाले. महाड नगरपालिकेनेही तो ठराव मान्य केला. कागदावर सर्व काही झाले होते. ओंजळीत पाणी मात्र आले नव्हते. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांस तळ्यावर जावे लागले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. ज्याच्या वाड्यात स्वतःची विहीर असते, त्यास गावचे तळे आटले काय आणि गाळाने भरले काय, सारखेच. लॅपटॉप ही खाजगी विहीर आहे आणि महाविद्यालयाचे ग्रंथालय हे सार्वजनिक तळे आहे. विहिरी वाढल्या म्हणून तळे बुजवावयास निघालेल्यांस आम्ही विचारतो, तहानेले लोक कोण उरले आहेत, हे आपण पाहिले आहे काय?

तळे अद्याप आटलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट योजनेतून महाविद्यालयांस अल्प वर्गणीत हजारो नियतकालिके व लाखो ग्रंथ संगणकावर उपलब्ध होतात. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्यास नाव व परवलीचा शब्द मिळावयाचा असतो. तो आपणास मिळू शकतो, हे आमच्या किती मुलांस ठाऊक आहे? बोले ठरावाची गत याहून फार निराळी नव्हती. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारने "एक राष्ट्र, एक वर्गणी" ही योजना सुरू केली. तीन वर्षांस ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिके, असा तिचा विस्तार. परंतु तिचा आरंभ केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांपासून झाला. आमच्या जिल्ह्यातील बहुतेक मुले खाजगी शिक्षणसंस्थांच्या, अनुदानित वा विनाअनुदानित, महाविद्यालयांत शिकतात. योजना मोठी; मात्र तिच्या पहिल्या पंगतीत आमचे ताट नव्हते.

आणखी एक विपरीत गोष्ट घडत आहे. लॅपटॉप आल्यामुळे ग्रंथालये ओस पडतील असे भाकीत होते. अनेक ठिकाणी उलटेच झाले. पुस्तके नेण्याची खिडकी शांत झाली, पण वाचनालयातील खुर्च्या भरल्या. लॅपटॉपवाल्यासही बसावयास टेबल, विजेचे बटण आणि शांतता लागते. ती घरी नसते. परंतु जुन्या इमारतीत विजेची बटणे ती किती? त्यांच्याजवळची जागा जो यंत्र घेऊन येतो तो धरतो, आणि वही-पुस्तक घेऊन आलेली मुलगी दाराजवळच्या अंधाऱ्या बाकावर जाते. या मुलीवर तिच्या जातीमुळे कोणी अन्याय केला, असे म्हणता येणार नाही. ती बाकावर गेली, एवढेच. त्यातच एस. टी. ची वेळ आणि वाचनालय बंद होण्याची वेळ यांचा मेळ बसत नाही. सकाळी गाडी उशिरा येते, तास संपतात तोवर कुलूप लागण्याची वेळ होते, आणि घरी एका खोलीत सहा माणसे.

बाबासाहेब परळच्या चाळीत अशाच एका खोलीत वाढले. वाचावयास ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची ओळख झाली, आणि मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले. १९५६ च्या धर्मांतराची वाट जेथून निघाली, ते पुस्तक विकत घेतलेले नव्हते, हातून हातात आलेले होते. पुढे लंडनला ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईतो ते तेथे बसून राहत. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा वसतिगृहांच्या बरोबरीने ग्रंथालये काढणे हा तिचा उद्देश म्हणून लिहिला गेला. राजगृह बांधले तेही ग्रंथांसाठी. दरिद्री समाजास ज्ञान मिळावयाचे तर ते सामायिक मालकीतूनच मिळेल, असा अर्थ आम्ही यातून घेतो.

म्हणून आमची मागणी ग्रंथालय की लॅपटॉप अशी नाही. लॅपटॉप ग्रंथालयाच्या मालकीचा असावा, ही आमची मागणी आहे. यास पूर्वदाखला आहे. वैद्यकीय, अभियांत्रिकी, कृषी, विधी आदी अभ्यासक्रमांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तकपेढीची योजना फार पूर्वीपासून चालत आली; दोन विद्यार्थ्यांमागे पुस्तकांचा एक संच. महाग पुस्तक गरिबाने विकत घ्यावे ही अपेक्षा अन्यायाची आहे, हे तत्त्व शासनाने तेव्हाच स्वीकारले. मग तेच तत्त्व यंत्रास का लागू नये? आणि कला-वाणिज्याच्या मुलांस त्यातून का वगळावे? परदेशांतील अनेक विद्यापीठांत ग्रंथपाल पुस्तकाप्रमाणेच लॅपटॉपही विद्यार्थ्यास तासांच्या बोलीने देतो. तामिळनाडू सरकारने तर २०११ पासून शासकीय व अनुदानित संस्थांतील लाखो विद्यार्थ्यांस लॅपटॉप वाटले. आमची मागणी त्याहून लहान आहे : प्रत्येक महाविद्यालयात दहा-वीस यंत्रे, ती नोंदून देणारा ग्रंथपाल, भिंतीवर पुरेशी बटणे, आणि रात्री नऊपर्यंत उघडे दार.

औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींचा शोध घेणारी प्रयोगशाळा उभारण्याचे ठरले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांस मान्यता दिली. आमच्या जिल्ह्याचे नाव जगाच्या विज्ञानात जाणार, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु तेथे आमची मुले रखवालदार म्हणून उभी राहणार की संशोधक म्हणून बसणार? ते त्या दाराजवळच्या अंधाऱ्या बाकावर ठरते आहे.

शासनाकडे मागत असता आपणही हात बांधून बसू नये. वर्षावासाचे तीन महिने आपल्या विहारांतून "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथाचे वाचन होते. प्रत एक असते, ऐकणारी सारी वस्ती असते. जयंतीच्या वर्गणीतील काही भाग बाजूस काढून विहारात एक संगणक, एक टेबल आणि दिवा ठेवणे मोठ्या गावास अशक्य नाही. ध्वनिक्षेपकाच्या एका रात्रीच्या भाड्याचा हिशेब आम्ही येथे मुद्दाम मांडत नाही.

पालकांस आणखी एक काम सांगतो. अनुदानित महाविद्यालयांस माहितीचा अधिकार कायदा, २००५ लागू होतो. आपला मुलगा किंवा मुलगी जेथे शिकते तेथे अर्ज करून विचारावे : गेल्या तीन वर्षांत ग्रंथखरेदीवर किती खर्च झाला, ग्रंथपालाचे पद भरलेले आहे काय, चालू संगणक किती, एन-लिस्टची वर्गणी भरली काय, आणि परवलीचे शब्द किती विद्यार्थ्यांस दिले. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही माफ आहे. उत्तर तीस दिवसांच्या आत आले पाहिजे. अर्जाचा नमुना पुढील अंकी छापीत आहोत. आलेली उत्तरे वाचकांनी आमच्याकडे पाठवावीत. ती महाविद्यालयवार प्रसिद्ध केली जातील.