उमेदवाराचे नववर्ष : कैदी क्रमांक ९६५३

नववर्ष उजाडले की निवडणुकीचे इच्छुक चौकाचौकांत शुभेच्छांचे फलक उभारतात. सरलेल्या वर्षात जनतेचा कोणता प्रश्न हाती घेतला, याचा उल्लेख त्यांवर क्वचितच आढळतो. अर्धा फलक छायाचित्रानेच व्यापलेला असतो. भांडवली राजकारणात उमेदवारी ही व्यक्तीची मिळकत मानली जात असल्यामुळे उमेदवाराचे चिंतनही तिकीट आणि मतांची बेरीज यांभोवतीच घोटाळत राहावे, यात नवल नाही. या प्रथेच्या पार्श्वभूमीवर १९२२ सालच्या नववर्षाचे स्मरण उद्बोधक ठरेल.

त्या नववर्षी अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या टेर होट या गावी युजीन डेब्स नुकतेच घरी परतले होते. वयाच्या चौदाव्या वर्षी रेल्वेच्या कारखान्यात कामाला लागलेला हा श्रमिक १८९४ च्या पुलमन संपाचा नेता होता आणि समाजवाद्यांच्या वतीने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्याने पाच वेळा लढविली होती. १६ जून १९१८ रोजी कँटन येथे केलेल्या युद्धविरोधी भाषणाबद्दल डेब्स यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० ची निवडणूक त्यांनी अटलांटाच्या तुरुंगातून लढविली. प्रचाराच्या बिल्ल्यांवर त्यांचा कैदी क्रमांक होता, आणि मते पडली नऊ लाखांहून अधिक.

या आकड्याचा अर्थ मात्र सावधपणे लावला पाहिजे. १९१२ मध्येही त्यांना सुमारे नऊ लाखच मते होती. तेव्हा ती शेकडा सहा भरली. १९२० साली स्त्रियांना देशभर मताधिकार मिळून मतदार वाढले होते, त्यामुळे तेवढीच मते शेकडा साडेतीनच्या आत आली. निव्वळ निवडणुकीच्या हिशेबाने ही पीछेहाटच होती. परंतु बालमजुरीला बंदी, स्त्रियांचा मताधिकार, बेकारीचा विमा या मागण्या घेऊन ही माणसे वर्षानुवर्षे उभी राहिली. मताधिकार १९२० साली आला, बेकारी विमा १९३५ च्या कायद्याने आणि बालमजुरीवरील निर्बंध १९३८ च्या कायद्याने आले. जेथे अनामत रक्कमही वाचत नाही तेथे उमेदवार कशासाठी उभा करावयाचा, हा शाखांच्या बैठकीत आजही निघणारा प्रश्न या इतिहासासमोर ठेवून पाहावा.

आत्मपरीक्षणाची मागणी डेब्स यांच्याकडेही झाली होती, पण ती सरकारकडून आणि पश्चात्तापाच्या स्वरूपात. त्यांनी माफीचा अर्ज केला नाही. अध्यक्ष विल्सन यांनी सुटकेची शिफारस फेटाळली. पुढे हार्डिंग यांनी उरलेली शिक्षा कमी केल्यावर २५ डिसेंबर १९२१ रोजी ते बाहेर पडले. त्या वेळी कारागृहातील कैद्यांनी त्यांचा जयघोष केला. याच कैद्यांविषयीचे विचार घेऊन डेब्स घरी आले. तुरुंग हे मुख्यत्वे गरिबांचे कोंडवाडे आहेत आणि दारिद्र्य निर्माण करणारी व्यवस्थाच ते भरत असते, हा निष्कर्ष त्यांनी १९२२ मध्ये वृत्तपत्रीय लेखमालेतून जनतेपुढे मांडला. आजार जडलेल्या सहासष्ट वर्षांच्या माणसाने नववर्षात हाती घेतलेले हे काम होते.

त्यांना देवत्व देण्याचे कारण नाही. पक्षांतर्गत तात्त्विक वादांपासून ते बहुधा दूरच राहिले. लेनिनने १९१८ च्या पत्रात ज्यांचा अमेरिकी कामगारवर्गाचा लाडका नेता म्हणून गौरव केला, ते डेब्स कम्युनिस्ट पक्षात आले नाहीत, जुन्याच समाजवादी पक्षात राहिले. कम्युनिस्ट वाचकाला ही गोष्ट खटकणारच, आणि ती खटकावी हेही योग्य.

सुटताना तुरुंगाने दिलेले पाच डॉलर त्यांनी साको आणि वांझेटी यांच्या बचाव निधीला पाठविले. शिक्षा कमी झाली तरी नागरिकत्वाचे हक्क त्यांना परत मिळाले नव्हते. १९२६ साली ते वारले. अमेरिकी काँग्रेसने ते हक्क बहाल केले १९७६ साली.