प्लॅन वाढवण्याआधी राउटर कुठे ठेवलाय ते बघा

या आठवड्याच्या व्हिडिओतला एक मुद्दा इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण तो थेट तुमच्या गल्ल्याशी जोडलेला आहे.

घरातून धंदा सुरू केला की नेट म्हणजे दुकानाचं शटरच. ते अडकलं की ऑर्डर अडकते, कॅटलॉगचे फोटो चढत नाहीत. मग आपण काय करतो? मोठा प्लॅन घेतो. माझं मत स्पष्ट आहे: आधी मोजा, मग पैसे द्या. महिन्याला 300 रुपये जास्तीचे म्हणजे वर्षाला 3,600. नव्या धंद्यात ही रक्कम लहान नाही.

मोजायला दहा मिनिटं लागतात. बाकीची सगळी उपकरणं बंद करा आणि तीनदा स्पीड टेस्ट घ्या. पहिली, लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून. दुसरी, राउटरशेजारी उभं राहून मोबाइलवर. तिसरी, जिथे बसून काम करता तिथे.

केबलवर स्पीड पूर्ण आणि कामाच्या जागी कमी, तर प्लॅन ठीक आहे, अडचण घरात आहे. आपल्या पुंडलिकनगरसारख्या वस्तीत खाली दुकान, वर घर आणि मधे स्लॅब. त्यात राउटर टीव्हीच्या मागे नाहीतर लोखंडी कपाटाआड. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घराघरात भरलेले ड्रम. पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं, धातू त्या अडवतो. राउटर उंचावर, मोकळ्यावर, कामाच्या जागेजवळ आणा. खर्च शून्य.

दुसरं कारण गर्दी. भिंतीला भिंत लागून घरं, प्रत्येकाचा राउटर. 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन यातला कमी गर्दीचा निवडा. एकाच खोलीत काम असेल तर 5 गिगाहर्ट्झ वापरा. ते वेगवान असतं, पण भिंत आली की लवकर दमतं.

तिसरं कारण अपलोड. क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवणारा कॅमेरा आणि फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप मिळून अपलोडची वाट भरून टाकतात. मग साधं पेजही उघडत नाही. बॅकअप रात्री लावा.

आता, केबलवरच स्पीड कमी आली तर? राउटर एकदा बंद-चालू करून आणि दुसरी केबल लावून परत मोजा. तरीही कमीच, तर चूक तुमची नाही. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ स्क्रीनशॉट काढा, कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्याच. 'नेट स्लो आहे हो' म्हणणाऱ्याला 'बघतो' असं उत्तर मिळतं. आकडे दाखवणाऱ्याला टाळणं अवघड जातं.

कधी प्लॅन खरंच अपुरा असतो, ते मान्य. केबलवर पूर्ण स्पीड मिळूनही चार माणसांचं काम एकदम अडत असेल, तर खुशाल वाढवा. पण तेव्हा तो निर्णय तुमचा असेल, सेल्सवाल्याचा नाही.

धंद्यातही हेच करायचं असतं. विक्री घटली की लगेच जाहिरातीवर पैसे ओतू नका, गळती कुठे आहे ते आधी शोधा. ही सवय राउटरपासून लावून घ्या. आज संध्याकाळीच तीन टेस्ट घ्या आणि आकडे वहीत लिहून ठेवा.