आधी हातात, मग पडद्यावर



तीन वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी मोहल्ल्यातल्या एका खोलीत लहान मुलांचा वर्ग सुरू केला. वय चार ते सात. पहिली वर्गणी जमली तेव्हा टॅब घेण्याचा हट्ट माझाच होता. दोन टॅब आले. त्यात आकड्यांचा एक खेळ होता. बरोबर फुग्यावर बोट ठेवलं की फुगा फुटायचा आणि टाळ्या वाजायच्या. महिनाभरात मुलं भराभर फुगे फोडू लागली. मी व्हिडिओ काढून वर्गणीदारांच्या ग्रुपवर टाकला. भरपूर शाबासकी मिळाली.

मग एके दिवशी पाच वर्षांच्या एका मुलीला म्हटलं, "बेटा, डब्यातून सात बटणं आण." तिने मूठभर बटणं आणली. मोजायला सांगितल्यावर तिने एका सुरात वीसपर्यंत म्हणून दाखवलं. बटणं होती अकरा. मग ती फुगे कसे फोडत होती? जवळ बसून पाहिलं तेव्हा कळलं की चुकीच्या फुग्याला हात लावला तर काहीच होत नसे. म्हणून ती सगळ्या फुग्यांवर ओळीने बोट ठेवत जायची. कुठला तरी एक फुटायचाच.

त्या मुलीने आपल्या परीने हुशारीच दाखवली होती. शिकवायला मला येत नव्हतं.

शिकवणं हे काम आहे आणि ते शिकावं लागतं, ही साधी गोष्ट आपल्याकडे फार कमी लोक मानतात. "लहान मुलांना काय शिकवायचं, बारावी झालेली कुणीही मुलगी सांभाळेल," असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात दहावीच्या मुलाला शिकवण्याइतकंच चार वर्षांच्या मुलाला शिकवणं अवघड आहे. त्या मुलाला सात म्हणजे किती हे कळण्यासाठी तीन गोष्टी जमाव्या लागतात. आकडे क्रमाने म्हणता येणं, एका वस्तूला एकच आकडा लावणं, आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळ्या वस्तूंची संख्या हे उमगणं. त्या मुलीला फक्त पहिली गोष्ट येत होती. पियाजे या मानसशास्त्रज्ञाने दाखवलेला प्रयोग तुम्ही घरी करून पाहा. समान अंतरावर मांडलेल्या सात-सात नाण्यांच्या दोन ओळी करा आणि मुलादेखत एक ओळ पसरवा. चार-पाच वर्षांची बरीच मुलं सांगतील, "ये ज्यादा है." त्यांना ओरडून उपयोग नाही. पन्नास वेळा स्वतःच्या हाताने मांडल्या-मोडल्यावरच ते समजतं.

हे सगळं 'परदेशी फॅड' आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला वर्ध्याची आठवण करून द्या. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या पुढाकाराने तिथे शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण या कल्पनेचा अभ्यासक्रम तयार करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. तेव्हा ते जामिया मिलियाचे कुलगुरू होते, पुढे राष्ट्रपती झाले. समितीत ख्वाजा गुलाम सय्यदैन हेही होते. जामियाच्या लहान मुलांच्या शाळेत गेर्डा फिलिप्सबॉर्न ही जर्मन ज्यू बाई शिकवत होती. मुलं तिला 'आपाजान' म्हणत. १९४३ मध्ये ती वारली आणि जामियाच्याच कब्रस्तानात तिला दफन केलं. इकडे महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या उभ्या केल्या. विकत आणलेल्या महागड्या साधनांऐवजी त्यांनी बिया, शिंपले, माती, पानं वापरली. हा वारसा आपलाही आहे. आपण तो विसरलो आहोत.

आम्ही टॅब कपाटात ठेवले आणि मोहल्ल्याकडे पाहिलं. एका मुलाचे अब्बा मणियार. त्यांच्याकडून फुटक्या नसलेल्या पण न खपलेल्या बांगड्या आल्या. लहान-मोठ्या मापाने लावणं, रंगाने वेगळं करणं, यात मुलांचा आठवडा गेला. बागवान कुटुंबातून जुना तराजू आला. एका पारड्यात तीन लिंबं, दुसऱ्यात एक कांदा. कोण जड? आधी अंदाज सांगायचा, मग तोलून पाहायचं. शिवणकाम करणाऱ्या एका नानीने बटणांचा डबा आणि जुनी टेप दिली. त्या म्हणाल्या, "पढाने को ये भी काम आता क्या?"

सगळ्यात जास्त उपयोग झाला काड्यांच्या जुड्यांचा. दहा काड्या झाल्या की रबर लावायचं. दोन जुड्या आणि तीन सुट्या म्हणजे तेवीस. हे हातात का लागतं, ते आपल्या भाषेतच दडलं आहे. लिहिताना २ आधी, पण बोलताना 'ते' आधी आणि 'वीस' नंतर. उर्दूतही 'तेईस'. २९ ला तर 'एकोणतीस' किंवा 'उनतीस', म्हणजे नाव तिसाचं आणि आकडा विसातला. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' अशी जोडवाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर थट्टा झाली. पण मुलं अडतात ती जागा खरीच आहे. उर्दू माध्यमातल्या मुलाला त्यात आणखी एक वळण पार करावं लागतं. त्याची ओळ उजवीकडून डावीकडे जाते, आकडा मात्र डावीकडून उजवीकडे. हे शिक्षिकेला माहीत नसेल तर ती २३ चा ३२ करणाऱ्या मुलाला 'ढ' ठरवून मोकळी होते.

मग तंत्रज्ञान नकोच का? हवं. पण कुणाच्या हातात, हे आधी ठरवायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा, आणि त्याहून कमी तर उत्तम, असं सांगितलं. घरी फोन दाखवून जेवू घातलेल्या मुलाचा तो तास वर्गात येण्याआधीच संपलेला असतो. म्हणून आमच्याकडे फोन बहुतेक वेळ शिक्षिकेच्या हातात असतो. ती मुलाची गोष्ट त्याच्या घरच्या दखनीत रेकॉर्ड करते आणि सगळ्यांना ऐकवते. स्वतःचा आवाज ऐकून न बोलणारी मुलंही बोलू लागली. 'स्टोरीवीव्हर'वरून मराठी आणि उर्दू चित्रगोष्टी मोफत मिळतात. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर काडेपेटी, स्ट्रॉ, जुन्या रबरी नळ्यांची शेकडो खेळणी आहेत. ती शिक्षिकेने रात्री पाहावीत, सकाळी मुलांनी बनवावीत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं, ते पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणल्याबद्दल गाजलं. पण त्यांनी त्यासाठी आधी मुलांच्या घरी बोलली जाणारी कन्नड शिकून घेतली होती, हे आपण लक्षात ठेवत नाही.

माझ्यासाठी फोनचा सर्वांत मोठा उपयोग कडू होता. एकदा मी माझाच वीस मिनिटांचा तास रेकॉर्ड करून ऐकला. त्यातली सोळा मिनिटं मीच बोलत होतो.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला पालकांचा: "खेळायला पाठवलंय का? शेजारचं पोरगं ए टू झेड लिहितं." या अम्मींना हसू नका. पोटाला चिमटा काढून त्या नर्सरीची फी भरतात. शाळेतून हाकलल्यासारखं बाहेर पडण्याचा अनुभव त्यांचा स्वतःचा आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलं होतं की ६ ते १४ वयाची सुमारे २५ टक्के मुस्लिम मुलं एक तर शाळेत गेलीच नव्हती किंवा मध्येच गळाली होती. त्यांना भाषण देण्याऐवजी आम्ही महिन्यातून एकदा वर्गात बसवतो. आपलं मूल तराजूपाशी दुसऱ्याशी वाद घालतंय हे पाहिलं की अर्धा प्रश्न सुटतो.

दुसरा आक्षेप एका तरुण कार्यकर्त्याने घेतला. "मणियाराच्या मुलाला बांगड्या, बागवानाच्या मुलाला तराजू. मग बदललं काय?" प्रश्न रास्त आहे. वर्ध्याच्या योजनेवरही तो घेतला गेला. माझं उत्तर असं की तराजू सगळ्या मुलांनी हाताळायचा, आणि तो विक्रीसाठी नव्हे, प्रश्न विचारण्यासाठी. बापाच्या धंद्यातलं ज्ञान वर्गात मानाने यावं, पण मुलाने तोच धंदा करावा असं नाही. ही रेघ सुटली तर हातांनी शिकणं म्हणजे गरिबांसाठी स्वस्त शिक्षण होऊन बसेल.

शेवटी तुमच्याशी थेट बोलतो. आपल्या वस्त्यांत डी.एड., बी.ए. झालेल्या कितीतरी मुली दोन-तीन हजारांवर खासगी नर्सरीत राबतात आणि कुणी त्यांना काही शिकवत नाही. त्यांना 'टीचर' म्हणायचं आणि आयाचा पगारही द्यायचा नाही, हे आपणच चालवलं आहे. सभेतून शिक्षणाचं महत्त्व सांगणं पुरे. तुमच्या भागातल्या अंगणवाडीत जा, सेविकाताईंना काय लागतं ते विचारा. बटणं, बिया, जुनी टेप गोळा करा. नर्सरीच्या संचालकाला फीबरोबर शिक्षिकेचा पगार किती, हेही विचारा. आणि तुमच्यापैकी कुणाला, मुलगा असो की मुलगी, हे काम मनापासून करावंसं वाटत असेल, तर ते नीट शिकून घ्या. मुलांनीही. लहानांना शिकवणं बायकांचंच काम, हा समज मोडायला हवा.

ती बटणांची मुलगी आता दुसरीत आहे. परवा आली, डबा ओतला आणि म्हणाली, "कितने बोलूँ, पहले अंदाज करो." मी चाळीस म्हटलं. तिने दहा-दहाचे ढीग केले आणि मला त्रेपन्न मोजून दाखवले.