चकाकी कुणासाठी?

परवाच गोव्याहून अकोल्याला परतलो. लेक-जावई पणजीला असतात. जावईबापूंनी दोन मित्रांबरोबर एक जुनी, फायबरची, वीस फुटी शिडाची होडी घेतली आहे. आम्ही वऱ्हाडी माणसं, पोहायला शिकलो तेही विहिरीत. होडीतलं मला काय कळणार? पण तिच्या डेकला, म्हणजे ज्यावर माणसं वावरतात त्या वरच्या भागाला, कोणता रंग द्यायचा यावर घरात चर्चा सुरू झाली आणि मी तीत पडलोच. मास्तर ना!

जावईबापूंना पांढराशुभ्र, आरशासारखा चकाकणारा रंग हवा होता. मी म्हटलं, "जावईबापू, एकदा सासूबाईंना विचारा."

ते गप्प झाले. दोन वर्षांपूर्वी आम्ही बाथरूम नवं केलं. दुकानदाराने खरखरीत फरशी दाखवली होती. "हिच्यात मळ बसेल," म्हणून मीच ती नाकारली आणि गुळगुळीत, चकचकीत फरशी पसंत केली. पाहुण्यांनी कौतुकही केलं. महिन्याभरात हिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. तेव्हापासून हातात काठी आहे. दोष दुकानदाराचा नाही, माझ्या डोळ्यांचा आहे. पायाने निवडायची वस्तू मी डोळ्यांनी निवडली.

मग आम्ही रंगांची परीक्षाच घेतली. फळीचे चार तुकडे रंगवले. एकावर नुसता चकचकीत ऑइलपेंट, दुसऱ्यावर ओल्या रंगावर जाड वाळू पेरून वरून पुन्हा एक हात, तिसऱ्यावर तसंच पण बारीक वाळू, आणि चौथ्यावर रंगात मिसळायचे प्लास्टिकचे बारीक कण. वाळल्यावर चारही तुकडे ओले करून, तिरपे ठेवून त्यांवर अनवाणी उभे राहिलो. पहिला अर्थातच नापास. दुसऱ्यावर पाय घट्ट बसला, पण गुडघा टेकला तर साल निघावी इतका तो टोचत होता. होडीत तर सारखं गुडघ्यावर बसावं लागतं. तिसरा आणि चौथा पास झाले. चौथा धुवायला सोपा म्हणून त्याचा पहिला नंबर!

रंगाचंही तसंच. गडद रंग उन्हात तापतो, पाय भाजतात. मे महिन्यात गच्चीवर अनवाणी गेलेल्या अकोलेकराला हे सांगायला नको. अगदी पांढऱ्यावर डोळे दिपतात. म्हणून फिकट राखाडी ठरला. दोन डब्यांतलं मिश्रण करून लावायचा पॉलियुरेथेन रंग जास्त टिकतो, हे खरं. पण त्याची वाफ घातक असते, मास्क वगैरे नीट सांभाळावं लागतं. नवशिक्याने साधा, एका डब्याचा रंग घ्यावा आणि काही वर्षांनी पुन्हा द्यावा, असं माझं मत आहे.

खरी मेहनत रंगाआधीची असते. जुनं मेण, तेल काढायचं, गोड्या पाण्याने धुवायचं, पॉलिश पेपरने जुनी चकाकी मारायची आणि मग प्रायमर. आणि किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून ती वापरायची नाही! तिच्यातलं मीठ ओल ओढतं आणि रंगाला फोड येतात. आमच्या खारपाणपट्ट्यात भिंतीला लोणा लागला की रंगाचे पापुद्रे कसे सुटतात, ते मी जावईबापूंना सांगितलं. वऱ्हाडाचं ज्ञान समुद्रावर कामी आलं ते एवढंच.

पणजीजवळच्या दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादई' या ५६ फुटी नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कुठेही न थांबता ती पूर्ण केली. भर समुद्रात ओल्या डेकवर पाय घसरला तर हात द्यायला कोण होतं? हे वाचताना मला आमचं बाथरूम आठवलं. तिथेही माणूस एकटाच असतो आणि दाराला आतून कडी असते.

काही जण म्हणतील, खरखरीत डेकवर घाण बसते, घासत बसावं लागतं. बसते खरी. पण ब्रशने घासायला अर्धा तास लागतो आणि हाड जुळायला किती महिने लागतात, ते आमच्या घरी येऊन विचारा. कडेला, खिळ्याबोल्टांभोवती दोन बोटं गुळगुळीत पट्टी सोडावी, म्हणजे पाणीही वाहून जातं आणि सफाईही सोपी होते. बाकी जिथे पाय पडतो तिथे चकाकी नको. तिची हौस होडीच्या बाहेरच्या अंगाला भागवावी. तिथे कुणी चालत नाही.

असो. घरी आल्यावर पहिल्यांदा गवंड्याला बोलावलं. दोन वर्षं रबरी चटयांवर भागवत होतो, आता खरखरीत फरशी बसली. ही काठी टेकत आत गेली, पाय ठेवून बघितला आणि म्हणाली, "हेच आधी केलं असतं तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.