चाहत्यांची खतावणी : वही कोणाची, चावी कोणाकडे?

डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्यानंतर आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. जन्म कोल्हापूरचा, पण बालपण बनारसचे. त्यामुळे महाराष्ट्राबाहेर वाढलेला मराठी माणूस म्हणून आपल्या बडोदेकरांना त्यांच्याविषयी थोडी अधिक आपुलकी होतीच. त्याच गटावर एका सभासदाच्या कॉलेजात जाणाऱ्या नातीने साधा प्रश्न टाकला : नारळीकरांची पहिली मराठी विज्ञानकथा कोणती आणि ती त्यांनी कोणत्या नावाने लिहिली? उत्तरे सहा आली. त्यांतली चार एकमेकांशी जुळत नव्हती.

बरोबर उत्तर असे : कथा 'कृष्णविवर'. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ती पाठवली. आपल्या प्रसिद्धीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी फिरवून नारायण विनायक जगताप हे नाव घेतले. कथेला पहिले बक्षीस मिळाले. 'यक्षांची देणगी' हा संग्रह त्यानंतर, १९७९ मध्ये आला.

ही काही फार जुनी गोष्ट नव्हे. आपल्यापैकी अनेक जण तेव्हा शाळा-कॉलेजात होते. तरीही पन्नास वर्षांत एवढी गफलत का व्हावी? ती मुलगी ज्या इंग्रजी विज्ञानकथा आणि अद्भुतकथा वाचते, त्यांच्या लेखकांबाबत असा प्रश्न एका मिनिटात सुटतो. तिथे वाचकांनीच खतावणी लिहून ठेवली आहे. ती कशी लिहिली गेली आणि आज तिच्यापुढे कोणत्या अडचणी आहेत, हे पाहिले तर आपल्याला काय करायचे तेही कळेल.

याची सुरुवात संगणकाच्या बरीच आधी झाली. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढले. त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापली जात. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना लिहू लागले आणि त्यातून मंडळे निघाली. पुढे पोर्टलंडच्या डोनाल्ड डे या चाहत्याने १९२६ ते १९५० या पंचवीस वर्षांतल्या विज्ञानकथा मासिकांची सूची तयार केली. ती १९५२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. कोणती कथा, कोणाची, कोणत्या अंकात, एवढेच त्यात होते. पण ती नसती, तर स्वस्त कागदावर छापलेली ती मासिके गेली तशी त्यांची आठवणही गेली असती.

त्याच परंपरेतली आजची मोठी वही म्हणजे 'इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस'. १९९५ मध्ये अल वॉन रफ आणि 'अहासुएरस' असे टोपणनाव घेतलेले दुसरे गृहस्थ यांनी ती सुरू केली. आजही ती स्वयंसेवकच चालवतात. लेखकाचे खरे नाव, टोपणनावे, कथा प्रथम कुठे छापली, नंतर कोणत्या संग्रहात आली, पान कितवे, अशी सगळी नोंद तिच्यात असते. आयझॅक असिमॉव्ह यांनी मुलांसाठी 'पॉल फ्रेंच' या नावाने सहा कादंबऱ्या लिहिल्या. त्या नावावरून शोधले तरी आपण थेट असिमॉव्हपर्यंत पोचतो. आपल्या जगतापांसाठी नेमकी हीच सोय हवी होती.

मला तिथली एक पद्धत विशेष आवडली. एखाद्याने प्रत्यक्ष अंक हातात घेऊन नोंद तपासली असेल, तर तसे त्या नोंदीपाशी लिहिले जाते. बँकेच्या भाषेत हे प्रत्यक्ष पडताळणीसारखे आहे. ऐकीव नोंद वेगळी आणि डोळ्यांनी पाहिलेली नोंद वेगळी. दुसरे असे, की त्या संपूर्ण माहितीची प्रत कोणालाही उतरवून घेता येते आणि मूळ स्रोताचा उल्लेख करून वापरताही येते. म्हणजे उद्या ती वही ठेवणारा संगणक बंद पडला, तरी तिच्या प्रती इतरांकडे असतील.

आता प्रश्न लेखकांचा. चाहत्यांनी आपल्या पुस्तकांची अशी चिरफाड केलेली लेखकांना चालते का? इथे दोन उदाहरणे शेजारी ठेवण्यासारखी आहेत.

स्टीव्ह व्हँडर आर्क हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या एका शाळेचे ग्रंथपाल. त्यांनी २००० मध्ये हॅरी पॉटरच्या जगाचा कोश इंटरनेटवर सुरू केला. खुद्द जे. के. रोलिंग यांनी २००४ मध्ये त्याला शाबासकी दिली आणि लिहिताना आपणही तो पाहतो असे सांगितले. पुढे त्याच कोशाचे पुस्तक काढायचे ठरले. तेव्हा ऑक्टोबर २००७ मध्ये रोलिंग आणि वॉर्नर ब्रदर्स न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले. ८ सप्टेंबर २००८ रोजी न्यायाधीश रॉबर्ट पॅटर्सन यांनी पुस्तकाला मनाई केली आणि ६,७५० डॉलर भरपाई ठरवली. मात्र एखाद्या साहित्यकृतीवर संदर्भग्रंथ काढणे लेखक सरसकट अडवू शकत नाही, हेही त्यांनी निकालात मान्य केले. या पुस्तकाची चूक एवढीच होती, की त्यात रोलिंग यांची वाक्ये गरजेपेक्षा जास्त उचलली होती. त्यात दुरुस्ती केली आणि जानेवारी २००९ मध्ये पुस्तक निघाले.

दुसरे उदाहरण जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचे. त्यांच्या कादंबऱ्यांवरून 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका आली. स्वीडनमधले एलिओ गार्सिया आणि लिंडा अँटोन्सन हे त्यांचे चाहते जोडपे त्या कथाविश्वाची टिपणे वर्षानुवर्षे ठेवत आले होते. मार्टिन यांनी त्यांना बरोबर घेतले आणि २०१४ मध्ये त्या विश्वाच्या इतिहासाचा मोठा ग्रंथ तिघांच्या नावाने निघाला.

एकाच प्रकारच्या छंदातून एका घरी कोर्टाची नोटीस गेली आणि दुसऱ्या घरी सहलेखकाचा मान आला. वाचकाने यातून घ्यायचे ते एवढेच, की नोंद करणे म्हणजे नक्कल नव्हे. शीर्षक, लेखक, अंक, वर्ष, पान आणि स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहायला हरकत नाही. कथा जशीच्या तशी उतरवली की ती नक्कल झाली. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क चालतो. त्या हिशेबाने नारळीकरांच्या लेखनावरचा हक्क २०८५ च्या अखेरपर्यंत राहील. त्यांची आख्खी पुस्तके फोनवर एकमेकांना 'श्रद्धांजली' म्हणून पाठवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

मात्र चाहत्यांच्या वह्यांना खरा धोका लेखकांकडून झाला नाही. तो जागेच्या मालकांकडून झाला. नव्वदच्या दशकात असंख्य चाहत्यांनी आपापल्या लेखकांची पाने 'जिओसिटीज' नावाच्या फुकट जागेत मांडली होती. ती जागा याहूने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढे उतरवून घेतले, बाकीचे गेले. २०१९ च्या अखेरीस याहू ग्रुप्सवरच्या जुन्या मजकुराचीही तीच गत झाली. आपल्यापैकी कित्येकांचे मराठी गट तिथे होते, त्यांना ते आठवत असेल. आज चाहत्यांचे बरेचसे कोश 'फॅन्डम' या कंपनीच्या जागेत आहेत. लिहिणारे विनामोबदला लिहितात आणि जाहिरातीचे उत्पन्न मालकाला मिळते. म्हणूनच काही गट आता आपला मजकूर घेऊन स्वतंत्र जागेत जात आहेत.

अलीकडे यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. तिचे यंत्रमानव हे कोश दिवसरात्र उतरवून घेत असतात. विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले, की चित्रे आणि ध्वनिफिती उतरवण्याचा त्यांच्यावरचा भार जानेवारी २०२४ पासून ५० टक्क्यांनी वाढला आणि तो मुख्यतः अशा यंत्रांमुळे. मोठी संस्था हा खर्च झेलेल. चार हौशी माणसांनी वर्गणी काढून चालवलेल्या कोशाला तो जड जातो. शिवाय उत्तर परस्पर मिळाले की वाचक मूळ कोशाकडे फिरकत नाही आणि उद्याचा स्वयंसेवक तर त्या वाचकांमधूनच यायचा असतो.

आणि ज्यांची खतावणीच नाही, त्यांचे काय? मी हौसेने एका यंत्राला मराठी विज्ञानकथांची यादी मागितली. त्याने झटक्यात बारा नावे दिली. त्यांतल्या सात कथांचा मला आजवर कुठे पत्ता लागलेला नाही. गटावरच्या चार चुकीच्या उत्तरांपैकी किमान दोन याच मार्गाने आली होती, हे नंतर सभासदांनीच कबूल केले. जिथे नोंद नसते, तिथे यंत्र गप्प बसत नाही, ते आत्मविश्वासाने थाप मारते. वसुलीला गेल्यावर असे कर्जदार मी बरेच पाहिले आहेत.

बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्यासारख्यांनी मराठीत विज्ञानकथा घरोघरी नेली. त्यांतल्या पुष्कळ कथा आधी मासिकांत आणि दिवाळी अंकांत आल्या. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून आपल्याकडे दिवाळी अंक निघतात. पण कोणत्या अंकात कोणती कथा, हे सांगणारी आणि वाचकांनी चालवलेली वही मला तरी सापडली नाही. अंक मात्र अजून आहेत, आपल्या माळ्यांवर आणि पलंगांखाली. गेल्या वर्षी एका दिवंगत सभासदाच्या घरून तीस वर्षांचे दिवाळी अंक पस्तीवाल्याकडे किलोच्या भावाने गेले. घर रिकामे करायला मुलांना चार दिवस मिळाले होते, त्यांना काय बोल लावणार? आम्ही आधी विचारले नाही, ही चूक आमची.

हे बडोद्यात व्हावे, याची खंत जास्त वाटते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला इथे बोलावले, मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, गावोगावी फिरत्या पेट्यांतून पुस्तके पाठवली. पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धतही बॉर्डन यांनी इथल्यासाठी बेतली होती. नोंद ठेवणे या शहराला नवे नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी साधी सूचना आहे. आपल्या घरांतल्या दिवाळी अंकांपासून सुरुवात करू. अंकाचे नाव व वर्ष, कथेचे शीर्षक, छापलेले लेखकाचे नाव, पान, आणि अंक कोणी प्रत्यक्ष पाहिला, अशी पाच रकान्यांची वही पुरे. नोंदी कोणालाही वापरायला खुल्या ठेवू. तीन प्रती तीन ठिकाणी असतील. आणि पासवर्ड एकट्या चिटणीसांकडे राहणार नाही. बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. एक रजेवर गेला तर सही करून चावी दुसऱ्याच्या हाती द्यावी लागते. याहू ग्रुप्समध्ये आपले जे गेले, ते अशी दुसरी चावी नसल्यामुळे गेले.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिने पहिली नोंद केली आहे : तिच्या आजोबांच्या कपाटातला एक अंक, त्यातल्या दोन विज्ञानकथा. तुमच्याकडेही दिवाळीच्या साफसफाईत जुने अंक निघतील. पस्तीवाल्याला हाक मारण्यापूर्वी निदान त्यांच्या अनुक्रमणिकेचा एक फोटो काढून मंडळाकडे पाठवा.